लाहौलचे मोजे, शेटलंडचे स्वेटर आणि आपलं घोंगडं : विणकाम आणि भटकंती

लोकरवेडी

विणकामाच्या जुन्या धाग्यावर प्रवासातल्या लोकरीबद्दल विचारणा होत होती. तिथे कुंची-टोपड्यांच्या नमुन्यांत हे अवांतर झालं असतं, म्हणून वेगळा धागा काढतेय. सुया, क्रोशा, लोकर आणि त्यापायी केलेली भटकंती, इथे सगळं चालेल.

माझं एक मत आहे, त्यावर खुशाल वाद घाला. आपल्याकडे आधी नमुना ठरतो, मग रंग, आणि लोकर सगळ्यांत शेवटी, म्हणजे दुकानात जी असेल ती. मला हे उफराटं वाटतं. हातात कुठल्या मेंढीची लोकर आहे त्यावरून काय विणायचं ते ठरावं. मऊ मेरिनो मेंढीच्या लोकरीचं पायपुसणं आणि राठ लोकरीचं बाळाचं टोपडं, दोन्ही सारखेच वाया. आणि हे दुकानात उभं राहून कळत नाही, जिथे मेंढ्या आहेत तिथे गेलं की कळतं. त्यामुळे आमच्या सहली अलीकडे लोकरीच्या मागे मागे जातात. नवरा आणि मुलगा कुरकुर करतात, पण मोजे दोघेही घालतात.

सुरुवात हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यापासून करते. पूर्वी मनालीहून रोहतांग (3978 मीटर) ओलांडूनच पलीकडे जावं लागे, आणि बर्फ पडला की खोरं कित्येक महिने बंद. 2020 च्या ऑक्टोबरात 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. आता सकाळी मनालीहून निघून दुपारच्या जेवणाला केलाँग गाठता येतं. पण हाताला दुसरं काम नसलेल्या त्या बंद महिन्यांतच तिथलं विणकाम फोफावलं.

केलाँगच्या बाजारात एक बाई दुकानाच्या पायरीवर बसून मोजा विणत होत्या. गिऱ्हाईकाशी बोलणं चालू, शेजारणीशी बोलणं चालू, सुया थांबायच्या त्या फक्त पैसे मोजताना. चार सुयांवर मोज्याचं नळकांडं, पायाशी कापडी पिशवीत रंगारंगांचे लिंबाएवढे गुंडे. नमुन्याचा कागद नाही की टाके मोजणं नाही. मी शेजारी बसून त्यांचे हात बघत होते. नक्षीत जो रंग त्या क्षणी लागत नाही त्याचा धागा मागच्या बाजूने जातो ना, तो त्या तीन-चार टाक्यांपेक्षा जास्त मोकळा सोडतच नव्हत्या, मध्येच चालू धाग्याखाली एक अढी देऊन पकडायच्या. कारण विचारलं तर त्यांनी मोजा उलटा करून माझं बोट आत घातलं आणि ओढलं. लांब धागा असता तर बोट अडकलं असतं. पायाचा अंगठाही तसाच अडकतो, आणि मोजा पहिल्या आठवड्यात उसवतो.

हे मोजे बघून वाटतं, ही हजार वर्षांची कला असणार. तसं नाही. हे विणकाम तिथे पोचलं ते 19 व्या शतकाच्या मध्यात, केलाँगला येऊन राहिलेल्या जर्मन मोरावियन मिशनऱ्यांबरोबर. त्यांच्यातल्या मारिया हाइडे या बाईंनी तिथल्या बायकांना सुया धरायला शिकवलं. धर्म फारसा कोणी घेतला नाही, मोजे मात्र घेतले. लाहौली मोजे आणि हातमोज्यांना 2021 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं.

परत आल्यावर 2.5 मिमीच्या सुयांवर 64 टाके घालून तशी एक जोडी केली. फोटो रात्री टाकते.

सुलट_उलट

वा, मस्त धागा! मोज्यांची टाच मला कधीच जमली नाही. नळकांडं सरळ जातं, मग ते वळतं कसं? व्हिडिओ बघून डोकं गरगरतं. इथे लिहून दे ना.

लोकरवेडी

सुलट_उलट, लिहिते. 64 टाक्यांतले निम्मे, म्हणजे 32, टाचेसाठी घ्यायचे, उरलेले 32 सुईवर तसेच वाट बघत राहू देत. या 32 वर सुलट-उलट अशी 32 ओळींची चौकोनी पट्टी विणायची. सुलट ओळीत एक टाका न विणता उचल, एक विण, असं केलंस तर पट्टी दुहेरी जाड होते आणि टाच लवकर विरत नाही.

आता वळण. पहिला टाका उचल, 17 सुलट, मग दोनाचा एक, मग एक सुलट, आणि तिथेच सुई फिरव. पुढचे 11 टाके तसेच राहिले, राहू देत. उलट बाजूने पहिला टाका उचल, 5 उलट, दोनाचा एक, एक उलट, परत फिरव. आता ओळ जिथे थांबली होती तिथे एक फट दिसेल. प्रत्येक ओळीत त्या फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका मिळून एक करायचा, पुढे एक विणायचा आणि फिरायचं. शेवटच्या दोन ओळींत पुढे विणायला टाका उरत नाही, तेव्हा घाबरू नकोस. सगळं संपलं की सुईवर 18 टाके आणि हातात वाटी तयार.

वाचताना नाही कळणार. सुया हातात घेऊन एकेक वाक्य कर.

मुका_खांब

क्रोशावाल्यांना इथे प्रवेश आहे की आम्ही बाहेरच? :)

आमच्या घरी दोन सुयांचं काम म्हणजे थंडीपुरतं, खरी प्रतिष्ठा क्रोशाला. आईच्या रुखवतात क्रोशाचे ताटावरचे रुमाल, तोरण, महिरप आणि रेडिओचं झाकण होतं. रेडिओ गेला, झाकण आहे. ते सगळं सुती दोऱ्याचं, साखळी आणि खांबांचं, इतकं घट्ट की अजून कडक उभं राहतं. तुझ्या मताप्रमाणे पाहिलं तर हेच झालं ना? आमच्या कोकणात लोकर कोण घालणार, म्हणून सुती दोरा आणि जाळीचं काम.

लोकरवेडी

मुका_खांब, अगदी! हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं. रेडिओच्या झाकणाचा फोटो हवाच.

गोरेगावकरीण

थोडा विरोधी सूर लावते. हे मेरिनो, मोजे, मेंढ्या सगळं वाचायला छान आहे, पण मुंबईत राहून नातवाला स्वेटर करायचा तर ॲक्रिलिकच बरं. वर्धमान किंवा ओस्वालचा गुंडा घ्या, दोन दिवसांत कुंची तयार, सूनबाई ती मशीनमध्ये टाकणार, ड्रायरमध्येही टाकणार, काही होत नाही. अस्सल लोकरीचं एकदा केलं होतं, सूनबाईंनी गरम पाण्यातून काढलं तेव्हा ते बाहुलीच्या मापाचं झालं होतं. शिवाय कसर लागते ती वेगळीच. अस्सल लोकरीचा हा हट्ट मला जरा हौशी वाटतो. रागावू नका.

लोकरवेडी

गोरेगावकरीण काकू, रागावेन कशाला. नातवाच्या कुंचीसाठी ॲक्रिलिक हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मुंबईच्या थंडीला तेवढं पुरतं. दोनच गोष्टी सांगते. एक, ॲक्रिलिक आगीजवळ नको. लोकर सहसा पेट घेत नाही, ज्योत काढली की विझते. ॲक्रिलिक वितळून अंगाला चिकटतं. शेकोटी, दिवाळीचे फटाके, तिथे ते घालू नये. दुसरं, दुकानदार "प्युअर वूल" म्हणून काहीही देतात. धाग्याचं टोक चिमट्यात धरून काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि बोटांनी चुरगळेल अशी राख झाली तर लोकर. प्लॅस्टिकचा वास येऊन टोकाला कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

आणि गरम पाण्यात आटण्याचं कारण म्हणजे लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं तिन्ही मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. गार पाण्यात न चोळता बुडवून, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं वाळत घालायचं. दोरीवर टांगलं की स्वेटरचा झगा होतो.

ॲबर्डीनवासी

खवल्यांचा विषय निघालाच आहे तर शेटलंडबद्दल (स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं) लिहिते. नवऱ्याची नोकरी तेलातली, त्यामुळे आम्ही ॲबर्डीनला. इथून संध्याकाळी बोट निघते आणि सकाळी साडेसातच्या सुमारास शेटलंडच्या लर्विक बंदराला लागते. उत्तर समुद्र खवळलेला असेल तर रात्रभर पोटात काही राहत नाही. तरी सप्टेंबरच्या शेवटी बोट भरून बायका जातात, कारण तेव्हा तिथे वूल वीक, म्हणजे लोकरीचा सप्ताह असतो. 2010 पासून चालू आहे. जगभरच्या विणकरणी आपापले स्वेटर घालून रस्त्यावर फिरतात आणि अनोळखी बाईच्या बाहीला बिनदिक्कत हात लावून बघतात. कोणी काही म्हणत नाही.

तुम्ही ज्याला फेअर आइल नक्षी म्हणता ते फेअर आइल म्हणजे शेटलंड आणि ऑर्कनीच्या मधलं एक छोटंसं बेट. नक्षी कितीही रंगीत दिसली तरी एका ओळीत रंग दोनच. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना असा स्वेटर घातला आणि सगळ्या इंग्लंडला तो हवा झाला.

आता खवल्यांचं. तिथे पुढून उघडणारं जाकीटसुद्धा बंद नळकांडं म्हणून विणतात, म्हणजे सतत सुलट बाजू समोर राहते आणि नक्षी चुकत नाही. पूर्ण झालं की कात्री घेऊन छातीवरून सरळ उभं कापतात! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळे मिटले होते. एकही टाका सुटला नाही. शेटलंडच्या लोकरीचे तंतू एकमेकांना असे धरून बसतात की कापलेली कड जागची हलत नाही. हाच प्रयोग मशीनमध्ये धुता येणाऱ्या गुळगुळीत लोकरीवर केला तर हातात शेवया राहतील. तेव्हा लोकरवेडी, तुझ्या मताला माझं अनुमोदन.

उन्स्टच्या शालींबद्दल कोणाला वाचायचं असेल तर उद्या लिहिते.

मुका_खांब

लिहा लिहा. त्या अंगठीतून जाणाऱ्या शाली त्याच ना?

ॲबर्डीनवासी

हो, त्याच. उन्स्ट हे ब्रिटनचं उत्तरेचं शेवटचं वस्तीचं बेट. लर्विकहून तिथे जाताना आणखी दोन बोटी बदलाव्या लागतात. हॅरल्डस्विकला छोटंसं संग्रहालय आहे, त्यात जुन्या शाली आहेत. या शालींसाठी लोकर कातरत नसत. शेटलंडच्या मेंढीची लोकर उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपोआप सैल होते, ती हाताने ओढून काढत. कातरलेल्या तंतूला बोथट टोक राहतं, ओढलेल्याला नाही. त्यातली मानेजवळची सगळ्यांत मऊ लोकर वेगळी काढून एकपदरी सूत कातायचं. ते विणून माणसाला गुंडाळता येईल एवढी मोठी शाल झाली तरी ती लग्नाच्या अंगठीतून आरपार निघायची.

पण संग्रहालयात मला जास्त लक्षात राहिला तो कातडी पट्टा. कमरेला बांधायचा, त्यावर घोड्याचे केस भरलेली भोकाभोकांची एक उशी. उजव्या सुईचं मागचं टोक भोकात खोचलं की सुई धरावी लागत नाही, हात फक्त धागा टाकायला मोकळा. त्यामुळे बायका पाठीवर पीटची टोपली (पीट म्हणजे दलदलीतलं वाळवलेलं जळण) घेऊन चालता चालता विणायच्या. जुन्या फोटोंत दिसतात तशा.

हे सगळं हौसेने नव्हे बरं का. व्यापारी विणलेला माल घेऊन रोख पैसे देतच नसत, बदल्यात चहा, कापड, त्याच्याच दुकानातला माल. 1872 मध्ये सरकारने त्याची चौकशी केली, त्यात विणकरणींच्या साक्षी आहेत. आता वूल वीकमध्ये आपण कौतुकाने ज्या शालीला हात लावतो ती त्यांची रात्रंदिवसाची मजुरी.

माणदेशी

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. आमचं घर धनगराचं, माण तालुक्यातलं. मी पुण्यात आयटीत आहे, पण चुलत्यांच्या मेंढ्या अजून आहेत.

शेटलंड, लाहौल छान आहे. पण आपल्या मेंढीचं कोणी नाव घेतलं नाही म्हणून सांगतो. आमची दख्खनी मेंढी काळी, तिची लोकर राठ. आता परिस्थिती अशी आहे की मेंढ्या भादरायला जी मजुरी लागते तेवढेसुद्धा पैसे लोकरीचे येत नाहीत. मेंढीला त्रास होतो म्हणून कातरायची आणि लोकर बांधावर टाकून द्यायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मेंढी आता मटणासाठी.

घोंगडं आठवतं का कोणाला? आजी सूत कातायची, ते सणगरांकडे जायचं. ते खड्ड्यातल्या मागावर विणायचे आणि चिंचोक्याची खळ द्यायचे. नवीन घोंगडं पुठ्ठ्यासारखं कडक असतं, वापरून वापरून मऊ होतं. पावसात त्याची खोळ करून डोक्यावर घेतली की चार तास मेंढरामागं उभं राहा, आत पाणी येत नाही. चुलते अजून छत्री वापरत नाहीत. आमच्याकडे जागरणाला, लग्नाला देवापुढे घोंगडंच अंथरतात, गादी चालत नाही. न विणता लोकर लाटून करतात ते बुरणूस आणि जेन वेगळं, तेही आता दिसेनासं झालंय.

तेव्हा ताई, लोकर बघून काय करायचं ते ठरवा म्हणता, तर या लोकरीचं काय करायचं ते सांगा.

गोरेगावकरीण

माणदेशी, फार चांगलं लिहिलंत. आमच्या सासऱ्यांकडे घोंगडं होतं, पाठदुखीला त्यावरच झोपायचे. टोचतं मात्र फार.

लोकरवेडी

माणदेशी, या प्रतिसादाची वाट बघत होते असं म्हटलं तरी चालेल.

टोचण्याचं सांगते. तंतू साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असला की त्याचं टोक कातडीत वाकत नाही, रुततं. पश्मिना 12 ते 16, मेरिनो 24 च्या आत. दख्खनी यांच्या कितीतरी पुढे. म्हणजे गळ्याशी, मनगटाशी येणारं काही तिचं करायचं नाही, हा विषय संपला. "दख्खनी लोकरीचे मऊ स्टोल" म्हणून प्रदर्शनात जे ठेवतात त्यात बाकीची लोकर बरीच मिसळलेली असते. आणि मला तो खटाटोपच पटत नाही. राठ आहे तर राठपणाचं काम द्या की तिला. खांद्यावरची पिशवी, बसकर, लॅपटॉपचं पाकीट, भांड्याखालचं आसन. मेरिनोची पिशवी महिन्यात लोंबते आणि तिच्यावर गोळे येतात. दख्खनीची पिशवी भाजी भरून वर्षानुवर्षं ओढा.

मी सणगरांकडून आणलेल्या सुताची एक पिशवी केली आहे. रंगवली नाही, काळा आणि करडा दोन्ही मूळचेच. एकपदरी सूत विणताना मध्येच पिळ सुटून तुटतं, म्हणून दोन पदर एकत्र पिळून घेतले. विणताना हाताला मेंढीचा वास लागतो, तो मला आवडतो, घरात बाकी कोणाला आवडत नाही.

कानटोपी

मी पुरुष आहे आणि विणतो, हे आधी जाहीर करतो. :) ऑफिसात कोणाला माहीत नाही. बायकोला माहीत आहे, ती हसते आणि टोप्या घालते.

पेरूला गेलो होतो तेव्हा टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर मुद्दाम गेलो. 3800 मीटरहून जास्त उंची, बोटीतून उतरल्यावर चढच चढ, धाप लागते. तिथे विणणारे पुरुष आणि मागावर बसणाऱ्या बायका. चौकात दहा-बारा पुरुष गप्पा मारत टोप्या विणत उभे होते, बारीक सुयांवर, लाल आणि पांढऱ्या लोकरीत. कुठल्या टोपीवरून माणूस लग्नाचा की बिनलग्नाचा ते ओळखतात. ताकिलेची ही वस्त्रकला युनेस्कोच्या यादीत आहे. मी खिशातून माझी अर्धी टोपी काढली, ती हातोहात फिरली, एकाने माझे टाके ढिले आहेत असं खुणेने सांगितलं. बरोबर होतं त्याचं.

हिमाचलातले गद्दी मेंढपाळसुद्धा मेंढरामागून चालताना टकळीवर सूत काततात, पुरुषच. तेव्हा हे बायकी काम आहे असं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

एक उपयोगाचा प्रश्न: विमानात सुया नेता का तुम्ही लोक? माझ्या स्टीलच्या सुया एका विमानतळावर काढून घेतल्या, अर्धा मोजा सुयांवर असताना.

लोकरवेडी

कानटोपी, स्वागत! टाके ढिले असतील तर एक नंबर बारीक सुई घ्या, हात आवळू नका, मनगट दुखतं.

विमानात धातूच्या सुया बरोबर घेतच नाही. परदेशी बऱ्याच ठिकाणी चालतात, आपल्याकडे तपासणाऱ्याच्या मर्जीवर. सुया सामानात टाकायच्या आणि हातात आखूड लाकडी किंवा बांबूची गोल सुई, तीही गेली तर रडू येणार नाही अशी. शिवाय चालू कामातून एक वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवायचा. सुई गेली तरी टाके दोऱ्यावर राहतात.

सुलट_उलट

टाच झाली!!! वाटी आली खरंच. दुसऱ्या मोज्याची करायला घेतेय.

अजून एक, आईच्या जुन्या सुयांवर 10 लिहिलंय आणि नेटवरच्या नमुन्यातही 10 आहे, पण स्वेटर फारच घट्ट येतोय.

ॲबर्डीनवासी

आईच्या सुया जुन्या ब्रिटिश मापाच्या असणार. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, 10 म्हणजे 3.25 मिमी. अमेरिकन मापात उलटं, 10 म्हणजे 6 मिमी. नमुना बहुतेक अमेरिकन आहे. नंबर सोड, मिलिमीटर बघ. जुन्या सुया टाकू नकोस मात्र. आपल्याकडच्या पोनीच्या असतील तर त्या निलगिरीत केट्टीला बनलेल्या, वाकत नाहीत.

गोरेगावकरीण

आणि कसरीचं राहिलं. डांबरगोळ्यांचा वास जात नाही कपड्यांचा.

लोकरवेडी

काकू, कसर लागते ती घामाच्या, खाण्याच्या डागांवर. धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवून, मगच घट्ट पिशवीत बंद करायचं. कडुनिंबाचा वाळलेला पाला मीही घालते, पण खरा भरवसा ऊन आणि स्वच्छतेवर. लोकरीची लडी विकत आणली तर आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवते. भाज्यांवरून घरात भांडण होतं, ते सोसते.

माणदेशी

ताई, गावाला आईला फोन केला होता. तुमची पिशवी सांगितली. म्हणाली, कातते, जावळाची लोकर पण थोडी ठेवलीय, ती त्यातल्या त्यात मऊ आहे (कोकराची पहिली लोकर, जावळाचं घोंगडं पूर्वी महाग असायचं). पण बारीक सूत मागू नका, डोळ्याला दिसत नाही तिला आता.

लोकरवेडी

बारीक नकोच. पिशव्यांसाठी जाडच हवं, दोन पदर मिळून 5 मिमीच्या सुईवर बसेल असं. पहिल्यांदा अर्धा किलो काळं आणि पाव किलो करडं. जावळाचं वेगळं बांधायला सांगा, त्याची उशीची खोळ करते. आणि दर आईंनाच ठरवू दे, मजुरी धरून. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते.

मुका_खांब

काळ्यातलं मलाही पाव किलो. क्रोशाने बसकर करून बघते.